सोडामिंटची बाटली

गुप्त गोष्ट गुप्त कशी ठेवावी हे साऱ्या ठाण्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. कलेक्टर कचेरीत माझ्या टेबलावरून भल्याभल्यांच्या बदल्यांचे हुकूम जायचे. पण साहेबांची सही होईपर्यंत माझ्या तोंडून कधी वाफ बाहेर पडली नाही. सहकारी चहा पाजायचे, भजी खिलवायचे. मी चहा प्यायचो, भजी खायचो आणि गप्प बसायचो! अशा माणसाला स्वतःच्या घरात एक लहानशी वस्तू लपवणं काय कठीण?

वस्तू लहान होती, पण तिच्यामागची भीती चांगली डोंगराएवढी होती.

आमच्या धाकटीच्या वेळी प्रमोदिनी, म्हणजे माझी बायको, जाता जाता वाचली. सुईणीने हात टेकले, टांग्यात घालून इस्पितळात नेलं. मी बाहेर व्हरांड्यात उभा आणि आतून नर्स एकेक चादर घेऊन बाहेर येत होती. त्या चादरींचा रंग मी अजून विसरलेलो नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "या वेळी वाचल्या. पुढच्या वेळी मला बोलावू नका, भटजींनाच बोलवा!"

तेव्हापासून मला माझ्या बायकोची भीती वाटायला लागली. तिने पानात लिंबाचं लोणचं जास्त वाढून घेतलं की मी बोटांवर दिवस मोजायला लागायचो! एकदा ती कोळ करता करता चिंच चाखताना दिसली. त्या दिवशी मी सदऱ्याची बटणं खालीवर लावून कचेरीत गेलो. सावधगिरी म्हणून मी ओटीवर वडिलांच्या शेजारी अंथरूण घालायला लागलो.

वडील म्हणजे त्र्यंबक पाध्ये. घरात आणि आमच्या अख्ख्या चरई आळीत भाऊ. ठाण्याच्या कोर्टात नाझर होते. जप्त्या आणणं, समन्स बजावणं, मुद्देमाल सांभाळणं यात जन्म गेला. निवृत्त झाले, पण घरातलं कोर्ट चालूच राहिलं. त्यांनी नुसतं "आनंद!" अशी हाक मारली की तिशी ओलांडलेला, तीन मुलांचा बाप असलेला मी आरोपीसारखा हात जोडून उभा! एकदा वर्तमानपत्रात आलं की सरकार आता संततिनियमनाचा प्रचार करणार. भाऊंनी ते वाचलं, "देवाच्या कामात ढवळाढवळ!" म्हणाले, पेपराची सुरळी केली आणि समोरची माशी मारली. ती माशी जिथे होती तिथे नुसता डाग उरला! मी त्या डागाकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, काहीही होवो, भाऊंना यातलं काही कळता कामा नये.

पण भाऊंच्या शेजारी झोपून किती दिवस काढणार? ते घोरायला लागले की मालगाडी उशाशी शंटिंग करतेय असं वाटायचं. शेवटी प्रमोदिनीच एका सकाळी चहा देता देता हळूच म्हणाली, "कल्याणला एक डॉक्टरीणबाई आहेत म्हणे. यावर उपाय सांगतात."

"कशावर?"

"तुमच्या ओटीवर झोपण्यावर!"

कल्याण हे फार बरं होतं. ठाण्यात आम्हाला कुत्रंसुद्धा ओळखतं. भाऊंना सांगितलं, कल्याणच्या बाजारात गूळ चांगला आणि स्वस्त मिळतो, घेऊन येतो. "गूळ आणायला दोघं कशाला?" भाऊंनी उलटतपासणी घेतली. मी म्हणालो, "ढेप जड असते." मुलं मे महिन्याच्या सुट्टीसाठी माझ्या बहिणीकडे, नंदाकडे, डोंबिवलीला गेलेली होती. आम्ही निघालो. कल्याण स्टेशनात उतरल्यावर मी काळा चष्मा लावला. प्रमोदिनी म्हणाली, "काढा तो! चोरासारखे दिसताय. लोक उलट वळून बघतायत."

डॉ. हेमा कोठारे पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. त्यांचं छोटं प्रसूतिगृह होतं. मी खुर्चीच्या टोकावर बसलो आणि म्हणालो, "आमच्या एका मित्राची अडचण आहे."

"मित्राला बाहेर बसवा," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत या. आणि तुम्ही बोला हो," त्या प्रमोदिनीला म्हणाल्या.

प्रमोदिनीने सगळं सांगितलं. चादरीसुद्धा. बाईंनी तिला तपासलं, पापणी ओढून पाहिली आणि मग कागदावर एक चित्र काढलं. मला ते उलटं ठेवलेल्या सुरईसारखं दिसलं.

"हे गर्भाशय. हे त्याचं तोंड. पुरुषाचं बीज इथून आत जातं, बाईच्या बीजाला भेटतं, तेव्हा मूल राहतं. ही भेट होऊ द्यायची नाही, एवढंच आपलं काम. त्याला दोन रस्ते. एक तर वाटेत दार लावून घ्यायचं, नाही तर दारातच मारून टाकायचं."

"मारून टाकायचं?" मी उभाच राहिलो.

"बीजाला हो! बसा!"

मग त्यांनी एकेक उपाय सांगितला. पुरुषाने वापरायची रबरी पिशवी. ती दुकानात मागून आणायची म्हटल्यावर माझ्या कानशिलांना घाम फुटला. बाईने वापरायची रबरी टोपी. ती गर्भाशयाच्या तोंडावर झाकणासारखी बसते, पण मापाने बसवावी लागते, आणि टोप्या मुंबईहून यायच्या होत्या. दिवस पाळायचा उपाय प्रमोदिनीच्या कामाचा नव्हता, तिची पाळी मुळातच मागेपुढे व्हायची. ऑपरेशन? "यांच्या अंगात आत्ता रक्तच नाही. वर्षभराने बघू." राहिली ती फेसाची गोळी. पांढरी, चपटी, बटणाएवढी. पाण्याचा थेंब लावून बाईने आत ठेवायची, थोडा वेळ थांबायचं. ओल लागली की ती फसफसते, दाट फेस होतो. तो फेस तोंडाशी बांध घालतो आणि त्यातल्या औषधाने बीज मरतं.

"पण एकट्या गोळीवर पुरता भरवसा ठेवू नका," बाई म्हणाल्या. "टोपी येईपर्यंत गोळी, आणि..." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "आणि संयम! आणखी एक. ही पोटात घ्यायची नाही. औषध विषारी आहे. ओलाव्यापासून जपा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका."

आम्ही गोळ्या घेतल्या, गुळाची ढेप घेतली आणि परतलो. ढेप खरंच जड होती.

आता आली माझ्या हुशारीची पाळी! गोळ्यांच्या नळीवर इंग्रजीत सगळं छापलेलं होतं, आणि भाऊंना इंग्रजी चांगलं येत होतं. लपवायची कुठे? पेटीत ठेवली तर भाऊ पेट्या उघडतात; जप्तीची सवय! गादीखाली ठेवली तर ओलावा. मग मला एकदम सुचलं. घरात सोडामिंटची, म्हणजे पोटफुगीवरच्या गोळ्यांची, एक रिकामी बाटली होती, घट्ट बुचाची. मी नळी चुलीत टाकली, गोळ्या त्या बाटलीत भरल्या आणि बाटली सरळ फडताळात औषधांच्या रांगेत उभी केली!

प्रमोदिनी बघत होती. "अहो, सोडामिंटच्या बाटलीत सोडामिंटच आहे असं कुणालाही वाटेल की!"

"तेच तर!" मी टाळी वाजवली. "तीच तर युक्ती आहे! भाऊ विलायती औषधाला हात लावत नाहीत. त्यांचं ते चूर्ण आणि ते. मुलं घरात नाहीत. राहिलो आपण दोघं. इतकी सुरक्षित जागा सरकारी तिजोरीतसुद्धा मिळायची नाही!"

तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं, कौतुकाने.

पुढच्याच रविवारी भाऊ नौपाड्यात एका मुंजीला जेवायला गेले. जिलबीची पंगत होती आणि वाढणारे भाऊंचे जुने कारकून. एकेकाळी भाऊंनी त्यांना दमात ठेवलेलं. त्याचा सूड म्हणून की काय, त्यांनी आग्रह करकरून भाऊंच्या पानात जिलब्यांची चळत लावली. मी बाजारात आंबे आणायला गेलेलो. प्रमोदिनी शेजारच्या ॲडेलिनच्या अंगणात कुरडया वाळत घालत होती. त्यांच्या अंगणात ऊन चांगलं येतं. फक्त कोंबड्या हाकलत बसावं लागतं.

मी आंबे घेऊन गल्लीत शिरलो तो आमच्या दारात ही गर्दी! आंब्यांची पिशवी छातीशी धरून मी गर्दीतून घुसलो.

भाऊ ओटीवरच्या बाकावर बसलेले. डोळे वटारलेले. आणि तोंडातून पांढराशुभ्र फेस! मिशांवर फेस, हनुवटीवर फेस, मुंजीसाठी घातलेल्या कोऱ्या सदऱ्यावर फेस! प्रमोदिनी पंच्याने पुसतेय तोवर नवा फेस तयार! धुणं टाकलेल्या घंगाळासारखे भाऊ उतू चालले होते.

"फेफरं हाय, फेफरं!" ॲडेलिनचा नवरा थॉमस ओरडत होता. त्याने आपल्या पायातला बूट काढला आणि भाऊंच्या नाकाशी धरला. कोर्टात ज्यांच्यासमोर वकील टोपी सरळ करायचे, त्या नाझरसाहेबांच्या नाकाशी थॉमसचा खाडीच्या चिखलातून आलेला बूट! भाऊंनी तो हाताने उडवला आणि काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"सो... सो..." एवढंच आलं, आणि मागोमाग एक मोठा बुडबुडा. तो फुटला.

"सोडा! सोडा पायजे म्हनतान!" थॉमस धावला.

भाऊंनी मान जोरजोरात हलवली आणि बोट दाखवलं. बाकावर, त्यांच्या मांडीशेजारी, बूच काढलेली सोडामिंटची बाटली उभी होती.

"सोडा देऊ नका!" मी किंचाळलो. "पाणी नको! काही ओलं देऊ नका!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आंबे खाली पडून घरंगळत गेले. प्रमोदिनीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चूर्ण संपलेलं. पोट फुगलं म्हणून त्यांनी ती बाटली काढली. लेबल वाचून! दोन गोळ्या गेल्यात, मी बघितलं."

"गिळल्या?"

"एक चघळली. दुसरी गिळली असेल. अहो, बाई म्हणाल्या होत्या, विषारी आहे!"

ते मला आठवत नव्हतं असं थोडंच होतं! मला दुसरं काही आठवतच नव्हतं. मी स्वतःला पिंजऱ्यात उभं पाहिलं, भाऊंच्याच कोर्टात. समोर मुद्देमाल म्हणून सोडामिंटची बाटली. वडिलांना विष घातलं. का घातलं? न्यायाधीश विचारतायत, आणि मी त्यांना फेस कसा होतो ते समजावून सांगतोय!

"मी बाहेर जाऊन सांगते सगळं," प्रमोदिनी म्हणाली.

"वेडी आहेस का? चारचौघांत?"

"अहो, माझे सासरे जातील!" ती इतक्या जोरात ओरडली की मी दचकलो. लग्नानंतर तिचा तो आवाज मी प्रथमच ऐकला. "गल्लीतले डॉक्टर मुंबईला गेलेत. जा, बाईंना फोन करा! जा!"

मी धावलो. चपला घालायचं भान नव्हतं. जांभळी नाक्यावर एका औषधाच्या दुकानात फोन होता. रविवार असूनही दुकान भरलेलं. मी धापा टाकत कल्याणचा ट्रंक कॉल मागितला आणि उभा राहिलो. फोन काही वाजेना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलत होता आणि त्याच्या प्रत्येक टिकटिकीबरोबर मला भाऊंच्या तोंडातला एकेक बुडबुडा फुटताना दिसत होता. शेवटी घंटी वाजली.

"हॅलो! बाई, मी पाध्ये. ठाण्याचा. तुम्ही ते दिलं होतंत ना... पांढरं..."

"काय? ऐकू येत नाही!"

"ते हो! गुळाच्या दिवशी!"

खरखर झाली आणि मधल्या ऑपरेटरबाईंचा आवाज आला, "पलीकडे तुमचं काही पोचत नाहीये. मला सांगा, मी त्यांना सांगते."

"त्यांना सांगा..." मी आजूबाजूला बघितलं. दुकानातली सगळी मंडळी बाटल्यांवरची लेबलं वाचत असल्याचं नाटक करत होती. मी तोंडावर हात धरला. "सांगा की वडिलांना... गोळी..."

"अगं बाई! वडिलांना गोळी घातली? थांबा, पोलिसांना जोडते!"

"नाही हो! नाही!" माझा आवाज फाटला. "घातली नाही, खाल्ली! गोळी खाल्ली! संततिनियमनाची गोळी! माझ्या वडिलांनी खाल्ली!"

दुकानात टाचणी पडली असती तर तोफेसारखी वाजली असती. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "वय काय वडिलांचं?"

"सत्तरीला आले!"

"मग कशाला खाल्ली?"

"हे डॉक्टर विचारतायत का?"

"नाही, मीच विचारतेय. थांबा हं, त्यांना सांगते." खरखर. मग, "डॉक्टर विचारतात, शुद्धीवर आहेत का?"

"आहेत! बूट उडवला!"

"मिठाचं कोमट पाणी भरपूर पाजून ओकारी काढा. मग दुधात अंड्याचा पांढरा बलक फेटून द्या. त्याने विष बांधलं जातं. त्या स्वतः मिळेल त्या गाडीने निघतायत."

"अंडं? अहो, आमचे भाऊ कांदासुद्धा..."

खरखर. "डॉक्टर म्हणतात, अंडं की वडील ते ठरवा."

मी फोन ठेवला आणि मान खाली घालून बाहेर पडलो. चार पावलं गेलो नाही तोच मागून हाक आली, "पाध्ये! थांबा!" वळून पाहतो तर आमचे हेडक्लार्क! दुकानात कोपऱ्यात उभे होते ते. कपाळावर गंध, हातात काढ्याची बाटली. संपलं! वडील जाणार आणि नोकरीही जाणार! मी चालण्याचा वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. मी पळालो, तेही पळाले. शेवटी धोतर सावरत त्यांनी मला गाठलं आणि इकडेतिकडे बघत कानाशी तोंड आणलं.

"त्या गोळ्या... कल्याणला नक्की कुठे मिळतात?"

त्यांचा चेहरा माझ्याइतकाच घाबरलेला होता.

"आमच्याकडे सातवं आहे हो," ते कसंबसं म्हणाले. "हिचं काही खरं दिसत नाही... यातून सुटली तर पुढचं तरी... बरं, उद्या बोलू. कचेरीत. हळू आवाजात!"

घरी पोचलो तेव्हा फेस ओसरला होता, पण भाऊ भिंतीला टेकून डोळे मिटून पडले होते. त्यांना असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फेस बरा होता, असं वाटलं! मिठाचं पाणी पाजलं. भाऊंनी तांब्यामागून तांब्या प्यायला आणि मग अंगणात जाऊन मुंजीची सगळी पंगत परत केली. मी त्यांची पाठ धरून उभा होतो. पाठ हाडकुळी झाली होती. हे मला कधी कळलंच नव्हतं.

मग मी कुंपणापाशी गेलो. "ॲडेलिनबाई, एक अंडं द्या."

"अंडा? कोनाला? नाजरसायबांना?"

"हळू बोला!"

तिने पुढे काही विचारलं नाही. घरात गेली, पांढरा बलक वेगळा केला, आपल्याच घरच्या दुधात फेटला आणि कप पदराखाली झाकून घेऊन आली. आमच्या उंबऱ्याशी थांबून तिने छातीवर क्रूस काढला. मला धीर आला. त्या घडीला मला कुठलाही देव चालला असता.

भाऊंनी कप तोंडाला लावला. एक घोट घेतला. थांबले. "दूध दाट आहे आज."

"म्हशीचं आहे," मी म्हणालो.

"आपला गवळी तर गाईचं घालतो."

"बदलला."

"कधी?"

"आज सकाळीच!"

भाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, कप रिकामा केला आणि म्हणाले, "आणखी आहे का?"

उन्हं कलायच्या आत डॉ. हेमाबाईंचा टांगा दारात आला. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मी दाराआडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो काही केल्या सैल होईना. मग त्यांनी हळूच श्वास सोडला. "घाबरायचं कारण नाही. बहुतेक सगळं बाहेर पडलंय. दोन दिवस पेज आणि दूध. लघवी कमी झाली तर मात्र लगेच कळवा."

मी दाराआडच बसलो.

पण भाऊ उठून बसले. "बाई, आपण कोण? कल्याणहून माझ्यासाठी का आलात? आणि मी खाल्लं ते काय होतं?"

मी बाईंना हातवारे करून नको नको म्हणत होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी सांगितलं. सगळं! सुरईचं चित्र तेवढं काढलं नाही. बीज कसं जातं, फेस बांध कसा घालतो, औषध काय करतं, सरळ, जसं एखाद्याला मलेरिया समजावून सांगावा. धरणी दुभंगत नाही म्हणून मी फरशीच्या भेगा मोजत होतो.

"कुणासाठी?" भाऊंनी विचारलं.

"तुमच्या सुनेसाठी."

"कारण?"

"आणखी एक बाळंतपण त्यांना सोसायचं नाही. त्या जातील."

प्रमोदिनी माजघराच्या दारात उभी होती. पदर सारखा करून ती म्हणाली, "भाऊ, मला माझी मुलं मोठी झालेली बघायचीत." ती खाली बघत नव्हती.

भाऊ पंच्याची घडी घालत बसले. घातली, मोडली, परत घातली.

"आनंद," ते म्हणाले. मी दाराआडून बाहेर आलो. "तुझी आई कशाने गेली?"

"विषमज्वराने."

"असं आम्ही तुम्हा पोरांना सांगितलं. नंदाच्या पाठीवरचं मूल होतं. दोघंही गेली. त्या वेळचा डॉक्टरही आधी बोलला होता, आता पुरे. मी त्याला विचारलं, पुरे म्हणजे करायचं काय? त्याने वर बोट दाखवलं. मग मीही जन्मभर तेच म्हणत आलो, देवाचं काम. दुसरं काय म्हणणार? नाही तर ते माझं काम ठरलं असतं."

त्यांनी पंचा बाजूला ठेवला. प्रमोदिनीने डोळ्यांना पदर लावला. मी पुढे होऊन भाऊंच्या पायांना हात लावणार, इतक्यात पाण्याने हात धुता धुता डॉक्टरीणबाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "आणि अंड्याचा पांढरा बलक दिलात ना? शाब्बास! त्याचं फार काम झालं!"

माझा हात हवेतच राहिला. भाऊंनी बाकाखालच्या कपांकडे पाहिलं. दोन कप होते.

दारातून ॲडेलिन कौतुकाने म्हणाली, "ताजा होता, नाजरसायब! माज्या पांढऱ्या कोंबडीचा!"

भाऊंची मान सावकाश माझ्याकडे वळली.

"म्हशीचं म्हणालास ना?"

एवढंच! पण जप्तीचा ढोल वाजवल्यासारखं ते माझ्या कानात घुमलं. भाऊ उठले, विहिरीवर गेले, डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या, जानवं बदललं. परत आले ते ॲडेलिनसमोर उभे राहिले. मी डोळे मिटले. "बाई," भाऊ म्हणाले, "तुमचे उपकार झाले. तुमच्या कोंबडीचेही. पण ही गोष्ट चरईबाहेर जाऊ देऊ नका." चरईबाहेर ती जांभळी नाक्यावरून केव्हाच गेली होती, हे त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

हेमाबाईंनी प्रमोदिनीला आत नेलं. मुंबईहून टोप्या आलेल्या होत्या, त्या बाई सोबतच घेऊन आल्या होत्या. त्यांनी माप घेऊन एक नीट बसवून दाखवली, कशी काढायची, कशी धुवायची, पावडर लावून कोरडी कशी ठेवायची ते शिकवलं आणि ती एका छोट्या डबीत घालून दिली. टोपीबरोबर लावायच्या औषधाची ट्यूबही दिली. वर्षभराने प्रमोदिनीच्या अंगात रक्त भरलं, मग ऑपरेशनही झालं. आमच्या घरात पुन्हा पाळणा बांधला गेला नाही आणि प्रमोदिनी आज धडधाकट आहे. परवाच माझ्यासमोर तिने कैरी मीठ लावून खाल्ली; मी पेपर वाचत राहिलो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. टांगा गेल्यावर प्रमोदिनी डबी हातात घेऊन उभी होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "ही ठेवायची जागा मी सांगतो. आपल्या फडताळात मागच्या बाजूला..."

"आनंद, गप्प बस!" भाऊ म्हणाले. ते आत गेले आणि एक लहानशी लाकडी पेटी घेऊन आले. पितळी कड्या, भक्कम कुलूप. कोर्टात असताना जप्तीचे दागिने तीत ठेवून आणायचे. त्यांनी ती रिकामी केली, पुसली आणि प्रमोदिनीसमोर ठेवली. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "यात ठेव. या पेटीला घरातलं कोणी हात लावणार नाही. मी नाही, मुलं नाहीत."

मी मोठ्या कृतज्ञतेने किल्लीसाठी हात पुढे केला.

भाऊंनी किल्ली मागे घेतली. "तुझ्याकडे नाही रे! सूनबाई, ही तू घे."

माझा हात तसाच पुढे राहिला होता. मग, आता पुढे आलाच आहे तर, म्हणून मी त्याच हाताने खाली घरंगळलेले आंबे गोळा करायला लागलो.